कोपरापर्यंत हात बुडवा

मी पाणी तपासते. प्यायचं नाही, डुंबायचं. नवी मुंबईत ज्यांच्या सोसायटीत, बंगल्यात किंवा फार्महाऊसवर पोहण्याचा तलाव आहे, त्यांना ते पाणी घरच्या घरी कसं तपासायचं हे शिकवायचं आणि त्याचं सामान विकायचं, हा माझा धंदा. नेरूळला छोटंसं दुकान आहे. पाटीवर माझं नाव आहे, संगीता, पण ते कोणी वाचत नाही. सगळे मला क्लोरीनताई म्हणतात. एकदा भाजीवाल्यानं आमच्या ह्यांना भर बाजारात 'काय क्लोरीनदाजी, मेथी देऊ का?' असं विचारलं, तेव्हापासून आमची भाजी मीच आणते.

लोकांना पहिला प्रश्न पडतो की तपासायचं कशाला? पाणी निळंशार तर दिसतंय. अहो, फरशी निळी आहे! पाण्याला कसला रंग? पाण्यात क्लोरीन कमी पडलं तर शेवाळ आणि जंतू, जास्त झालं तर डोळ्यांची आग. शिवाय पाणी आंबटाकडे झुकलंय की साबणाकडे, तेही बघावं लागतं. आपल्या डोळ्यांतलं पाणी मधोमध असतं, तलावाचंही साधारण तसंच हवं. आता हे मी सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, 'म्हणजे रडून भरायचा का तलाव?' असल्या गिऱ्हाइकांना मी सामान देते, चहा देत नाही.

तपासायची डबी उघडली की आत दोन नळ्या. एकीत लाल औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाणी आंबट, गर्द जांभळट झालं तर साबणासारखं, आणि मधलं लालसर नारिंगी आलं की देवाला नमस्कार करायचा. दुसरीत गोळी टाकायची, म्हणजे जेवढं क्लोरीन तेवढा गुलाबी रंग चढतो. तो डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. झालं! लहान मुलाला जमेल. लहान मुलांना जमतंच, सगळा घोळ मोठी माणसं घालतात.

पाणी वरवरचं घ्यायचं नाही, ही पहिली शिकवण. नळी त्याच पाण्यानं विसळायची, उपडी धरायची, कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि खाली गेल्यावर सुलटी करायची. गाळलेलं पाणी तलावात परत येतं त्या तोंडापाशी घ्यायचं नाही. नळीवर अंगठा दाबून हलवायची नाही, झाकण दिलंय ते काय कानात घालायला? मागे पांढरा कागद धरायचा, नळी डोळ्यांसमोर, सावलीत. औषध जुनं नको आणि गॅसच्या वरच्या फळीवर हिंगाच्या डबीशेजारी तर मुळीच नको. एवढं पाळलं तर घरातली तपासणी चांगली भरवशाची होते. पण हे सगळं सांगणं म्हणजे बऱ्याचदा पालथ्या घड्यावर पाणी.

कळंबोलीचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ आहेत. त्यांचं पनवेलपलीकडे फार्महाऊस आहे. एकदा ते बाटलीतून पाणी घेऊन आले. "ताई, बघा जरा. पोरं म्हनतात डोळे चुरचुरतात." मी थेंब टाकले तर पाणी पिवळंधमक. इतकं आंबट पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. "शेठ, तलावात लिंबं पिळलीत काय?" ते म्हणाले, "नाय ओ. बाटली तेवढी लिंबूसोड्याची हाय. सकाळीच प्यालो." "मग धुतली होती का?" शेठनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आवो ताई, पानीच भरायचं होतं ना तिच्यात? पान्यासाठी कोन बाटली धुतं?"

एक बाई मला नळीचा फोटो पाठवायच्या. फोटोत नळी पिवळी, भिंत पिवळी, नळी धरलेला अंगठाही पिवळा. घरात पिवळे दिवे आणि त्याखाली ह्यांची तपासणी! मी वैतागून लिहिलं, 'पाण्याचं नंतर बघू, आधी काविळीची टेस्ट करा.' त्या खरंच करून आल्या. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मला काजूकतली दिली. मी ती खाल्ली.

आणि वाशीचे ते सेक्रेटरी! त्यांनी गोळी टाकली की नळी पांढरीच राहायची. रंग नाही म्हणजे क्लोरीन नाही, असं समजून ते रोज क्लोरीन ओतत होते. आता गंमत अशी की क्लोरीन अती झालं तर ते गोळीचा रंगच खाऊन टाकतं. मी जाऊन नमुन्याच्या पाण्यात बरंचसं साधं पाणी मिसळलं आणि मग तपासलं, तर नळी लग्नातल्या फेट्यासारखी गुलाबी. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. सेक्रेटरी मिशीला कलप लावायचे आणि नेहमी डाव्या कुशीवर पोहायचे. त्यांची डावी मिशी तांबडी झाली होती आणि उजवी काळीभोर. त्या अवतारात त्यांनी सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग घेतली, आणि म्हणे पहिल्यांदाच ती शांततेत पार पडली.

पण मला सांगायची आहे ती वसंतकाका आणि सुमनकाकूंची गोष्ट. दोघांची परवानगी घेतली आहे. काका म्हणाले, नावं बदला. काकू म्हणाल्या, मुळीच बदलू नका. म्हणून मी आडनाव गाळलं.

काका बँकेतून रिटायर झालेले, साताऱ्याकडचे. काकू रत्नागिरीकडच्या. नेरूळला त्यांचं रो हाऊस आहे आणि मागे जरासं अंगण. काकूंचे गुडघे पार गेले होते. जिना चढायचा म्हणजे प्रत्येक पायरीला 'आई गं'. डॉक्टर म्हणाले, गुडघे बदलावे लागतील, पण त्याआधी रोज पाण्यात चालून बघा. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर फार वजन येत नाही. फरक पडला तर ऑपरेशन टाळू, दिवाळीनंतर ठरवू. काकूंना ऑपरेशनची अशी काही धास्ती की त्या हॉस्पिटलच्या रस्त्यानं रिक्षासुद्धा नेऊ द्यायच्या नाहीत. मग मुलानं तयार फायबरचा तलाव मागवला. तो क्रेननं घरावरून उचलून अंगणात उतरवला, तेव्हा अख्खी गल्ली टाळ्या वाजवत होती. तलाव कसला, दोन म्हशी ऐसपैस बसतील एवढा हौद. सुनेनं काकूंसाठी पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा ड्रेस मागवला. सगळी तयारी झाली.

आणि काकांनी पाणी तपासायला सुरुवात केली.

मी पुष्कळ शिष्य केले, पण असा शिष्य पुन्हा होणे नाही. आंघोळ, पूजा आणि मग पाणी. हात कोपरापर्यंत म्हणजे कोपरापर्यंत, एक बोट वर नाही की खाली नाही. पाणी बरोबर असेल तर दोरीवर हिरवा टॉवेल, चुकलं असेल तर लाल. हिरवा टॉवेल कोणी बघितलाच नाही. रोज सकाळी नळी पिवळी, पाणी आंबट, दोरीवर लाल टॉवेल, आणि काकू खिडकीत. "आज तरी जाऊ का हो?" "नाही. पाणी नापास."

काकांनी मला फोन केला. "मॅडम, पाणी रोज रात्रीतून आंबट होतंय." मी म्हटलं, आंबट असेल तर सोडा टाका, खायचा नाही, धुण्याचा. किती टाकायचा, कसा विरघळवायचा, ते सांगितलं. काकांनी संध्याकाळी टाकला. सकाळी परत पिवळं. परत सोडा. परत पिवळं. मी नवीन औषध दिलं. अंगठ्याला बाम लावता का, विचारलं. लावायचे, पण तपासल्यानंतर. नळ्या बदलल्या. काही उपयोग नाही. वर पाणी आणखी गढूळ दिसायला लागलं आणि तळाला पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर साचायला लागला. पाणी गाळायचं मशीन रोज तुंबायला लागलं.

माझ्या डोक्याला शॉट! एवढी वर्षं हा धंदा केला, एवढ्याशा हौदानं माझी लाज काढली. मी रात्री अंथरुणात 'कापूस, कापूस' असं बडबडत होते, असं आमचे हे सांगतात.

काकांनी तेवढ्यात गुन्हेगार शोधला. कावळा! समोरच्या नारळावरचा एक कावळा शिळी पोळी आणायचा आणि तलावात भिजवून खायचा. "हाच. हाच पाणी नासवतो," काका म्हणाले. मी म्हटलं, "काका, एका पोळीनं एवढा हौद आंबट होत नाही. डोसा आहे का तो?" पण ऐकतील तर शपथ. काका छत्री घेऊन काठावर बसायला लागले. कावळा आला की छत्री उघडायची. कावळ्याला तो खेळ आवडला आणि त्यानं आणखी दोघांना बोलावून आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि इथे तर संन्यासीच मजा बघत होता.

इकडे काकूंचे गुडघे वाईट होत चालले. गणपती आले, गेले. मी गेले की काकू पोहे पुढे करायच्या आणि हळूच विचारायच्या, "संगीता, दिवाळीच्या आत पाणी होईल ना गं पास? नाहीतर ते मला कापतील." एकदा त्यांनी कपाटातून तो ड्रेस काढून दाखवला. निळा, गळ्याशी पांढरी पट्टी. "रोज घालून बघते," त्या लाजत म्हणाल्या, "सवय नको का?" मला इतकं भरून आलं की मी पोह्यांवर दुसऱ्यांदा लिंबू पिळलं.

शेवटी मी ठरवलं, न सांगता जायचं. काका उठायच्या आधी पाणी बघायचं. दूधवाले फिरायला लागतात त्या वेळेला मी मागच्या गल्लीत पोचले आणि अंगणाच्या फाटकातून आत डोकावले.

तलावाच्या काठाला सुमनकाकू. अंगात तो निळा ड्रेस, वर शाल, केसांत कालचा गजरा. हातात कपडे वाळत घालायची काठी, काठीच्या टोकाला फडक्याची पुरचुंडी, आणि ती पाण्यात बुडवून काकू गोल गोल फिरवताहेत. तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू. मला वाटलं, बाई करणी वगैरे करते की काय!

"काकू! हे काय चाललंय?"

"शू! हळू बोल. ते उठतील."

"पुरचुंडीत काय आहे?"

"तुरटी गं," काकू म्हणाल्या, जसं काही मीच वेडी. "हौद भरला त्या दिवसापासून पाणी गढूळच आहे ना? आमच्या माहेरी पावसात विहिरीचं पाणी असंच यायचं. हंड्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसायचा. हंड्याला सुपारीएवढी लागते, हा एवढा मोठा हौद, म्हणून मी नारळाएवढी बांधते. वाण्याला वाटतं आमच्या घरी सलून उघडलंय."

तुरटी गाळ खाली बसवते, अगदी खरं. तो पिंजलेला कापूस तोच. पण तुरटी पाणी आंबटही करते! काका संध्याकाळी सोडा टाकत, त्यानं पाणी आणखी गढूळ होई. गढूळ दिसलं की काकू पहाटे तुरटी फिरवत, त्यानं पाणी आंबट होई. आंबट आलं की काका लाल टॉवेल लावून संध्याकाळी परत सोडा. आणि एका छपराखाली राहून दोघांनी एकमेकांना अवाक्षर सांगितलं नव्हतं!

"काकांना का नाही सांगितलंत?"

"त्यांना कसं सांगू? ते एवढं डोळ्यांत तेल घालून तपासतात. म्हणतील, माझ्या कामात लुडबुड करते. म्हटलं गुपचूप पाणी नितळ करावं, पास झालं की त्यांनाही बरं वाटेल." काकूंनी काठी पाण्यातून वर उचलली. "का गं? माझ्यामुळे बिघडत होतं का?"

तेवढ्यात काका दारात. हातात डबी. बायकोला त्या ड्रेसात, शाल आणि काठीसकट बघून त्यांची डबी पडता पडता राहिली. मी सगळं सांगितलं. काका काकूंकडे बघताहेत, काकू काकांकडे.

"तू तुरटी टाकत होतीस?"

"तुम्ही सोडा टाकत होतात? मेला तो धुण्याचा सोडा? तरीच माझा डबा रिकामा!"

"अगं, मग गढूळ होणारच ना!"

"मग मला सांगायचं होतंत!"

"तू मला विचारायचं होतंस!"

मी ओरडले. माझा आवाज मुळात मोठा, त्यात पहाट. "बास! तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना? का पोस्टानं बोलता?" शेजारच्या खिडकीत दिवा लागला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही एकट्यानं नाही, दोघांनी मिळून घडवलेला! मग पहिल्यांदा काकू हसल्या. मग काका. हसता हसता काकांना ठसका लागला आणि काकूंनी तुरटीवाल्या हातानंच त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या.

मी काठी जप्त केली. सोडा जप्त केला. तळाचा कापूस ओढून काढायला माणूस लावला, थोडं पाणी बदललं आणि ताकीद दिली की मी सांगेन त्याशिवाय तलावात कोणी काही टाकायचं नाही, काही नाही म्हणजे तुळशीचं पानसुद्धा नाही. काही दिवसांत पाणी असं नितळ झालं की तळाचा प्रत्येक ओरखडा दिसावा. दिवाळी अगदी तोंडावर आली होती. मी सकाळी गेले. काकू ड्रेस घालून तयार. काकांनी आंघोळ केली, पूजा केली, कोपरापर्यंत हात बुडवला, थेंब टाकले, गोळी टाकली. लालसर नारिंगी! छान गुलाबी! मी टाळी वाजवायला हात उचलले.

"नापास," काका म्हणाले आणि त्यांनी लाल टॉवेल उचलला.

"काय?" माझी सटकलीच. "काका, डोळे तपासून घ्या! एवढं सुंदर पाणी मी माझ्या लग्नात प्यायले नव्हते!"

"जरा फिकं वाटतंय. उद्या बघू."

"फिकं कुठे? आणा ती नळी इकडे!"

काका नळी देईनात. मग नळीकडेच बघत, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, मधे एकदा बरोबर आलं होतं. मी तेव्हाही लाल टॉवेल लावला." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम सोडून ताई म्हटलं. "मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते. हिचे गुडघे हे असे. आत पाय घसरला तर मी काय करणार? काठावर उभा राहून बोंब मारणार? पाणी नापास असलं की ती बाहेर राहते. माझ्या डोळ्यांसमोर राहते."

या माणसाला मी दोन मिनिटांपूर्वी आंधळा म्हटलं होतं. मला फार वाईट वाटलं आणि त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

काकूंनी सगळं ऐकलं होतं. शाल काढून खुर्चीवर ठेवली, पायऱ्यांशेजारचा दांडा धरला आणि 'आई गं, आई गं' करत एकेक पायरी उतरून पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी बरोबर कमरेला लागलं. "अहो, बघा. उभी आहे मी. गुडघे कुठे आहेत ते कळतसुद्धा नाहीये!" मग त्यांनी हात पुढे केला. "या आता."

"मी? मी कशाला?"

"मला धरायला नको का कोणी? या, नाहीतर उद्यापासून परत तुरटी फिरवते!"

काका माझ्याकडे वळले. "ताई, रीडिंग नक्की बरोबर आहे ना? परत एकदा घ्या बरं." मी म्हटलं, "काका, उतरा, नाहीतर ढकलते." मग त्यांनी घड्याळ काढलं, चष्मा काढला, चष्मा परत घातला, आणि इस्त्रीच्या पँटसकट डोळे घट्ट मिटून पाण्यात उतरले. काकूंनी त्यांचा दंड धरला. कोण कोणाला चालवत होतं ते पाण्यालाच ठाऊक, पण दोघं त्या टोकाला जाऊन परत आली.

त्यानंतर रोज जातात. दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी काकूंचे गुडघे वाकवून, दाबून, चालवून बघितले आणि म्हणाले, ऑपरेशनचं सध्या राहू दे, चालणं सोडू नका. काकूंनी तिथल्या तिथे हात जोडले. मग शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या काकांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आलोच आहोत तर ह्यांचेही गुडघे बघून घ्या ना डॉक्टर. पाण्यात पाय टाकताना अजून फार लटपटतात."